काजूच्या बागेत नऊ महिने: मिनी ट्रॅक्टर, स्लॅशर आणि मल्चर

आजऱ्याच्या बाजूला आमची साडेपाच एकर उताराची जमीन आहे. साडेतीन एकर काजू, थोडी आंब्याची कलमं, बाकी गवताचं रान. मी राहतो कोल्हापुरात, शनिवार-रविवार जाऊन येतो. तिकडचा पाऊस असा की जूनमध्ये मोकळं दिसणारं रान गणपतीला छातीएवढं होतं. काजूत हे चालत नाही. मार्चपासून बोंडं गळतात, बी वेचायला झाडाखालची जमीन उघडी लागते. त्यात उन्हाळ्याच्या तोंडाला कुणी बांध पेटवला की वणवा वाळल्या गवतातून थेट बागेत.

सहा वर्षं ब्रश कटरवर, म्हणजे हातात धरून गवत कापायच्या यंत्रावर भागवलं. एक गडी दिवसाला दहा-बारा गुंठे कापायचा. शेवटचं टोक होईतो पहिलं परत गुडघ्याला.

म्हणून गेल्या बेंदराला २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतला. कुबोटा बी २४४१ आणि महिंद्रा जीवो २४५ या दोघांत घोळत होतो. कुठला घेतला ते सांगत नाही. आमच्याकडं ट्रॅक्टरवरनंही गट पडतात. चुलत्यांचं एकच म्हणणं, "एवढ्या बारक्यानं उसाची ट्रॉली ओढंल का?" नाही ओढणार. पण ५० एचपीवाला काजूच्या खाली लोंबणाऱ्या फांद्यांत शिरणारही नाही.

माझी खरी चूक ट्रॅक्टरात नव्हती, मागच्या अवजारात होती. विक्रेत्यानं ट्रॅक्टरमागं लावून गवत कापायचा पाच फुटी स्लॅशर गळ्यात मारला. जाड गवताला रुंदीच्या फुटाला साधारण ५ एचपी धरायचे, हा ढोबळ हिशोब मला नंतर कळला. २४ एचपीच्या इंजिनातून पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, पोचतात त्याहूनही कमी. ओल्या गवतात इंजिन दमायचं, आरपीएम पडायचे आणि पाती गवत कापण्याऐवजी नुसतं झोपवायची.

ते एकवेळ सोसलं असतं, पण आमची जमीन जांभ्याची. स्लॅशरची पाती जमिनीला आडवी, पंख्यासारखी फिरतात; दगड लागला की तो आडवा, गोळीसारखा सुटतो. दुसऱ्याच आठवड्यात एक खडा तीसेक पावलांवर उभ्या गाडीच्या काचेतून आत गेला. गाडी माझीच, त्यामुळे भांडण झालं नाही. शिअर बोल्ट, म्हणजे झटका बसला की आधी स्वतः तुटून गिअर वाचवणारे बोल्ट, तर महिन्यात चार तुटले. चौथ्यानंतर खिशातच ठेवायला लागलो.

दसऱ्याआधी चार फुटी मल्चर घेतला, म्हणजे फ्लेल मॉवर. आपल्याकडं उसाचं पाचट कुट्टी करायला वापरतात त्याच जातीचा, पण हलका. यात आडव्या रोटरवर वाय आकाराची छोटी पाती लोंबत असतात. दगड लागला तर पातं मागं सरतं, दगड बहुतेक झाकणाखालीच राहतो. रुंदी दोन्ही चाकांच्या बाहेर थोडी येते, त्यामुळे चाकाखाली दबलेलं गवत सुटत नाही. तळाच्या गिअरला एकराला पावणेदोन तास, तासाला सव्वादोन-अडीच लिटर डिझेल. गवताचा अगदी भुगा होतो. दिवाळीच्या आधी कापलेलं संक्रांतीपर्यंत मातीला चिकटून गेलं होतं.

तोटेही आहेत. पाती बोथट झाली की इंजिन लगेच ओरडतं. धार लावायला, बदलायला मी कोल्हापुरात कारखान्यांच्या उद्यमनगरात जातो. तिथं पातं दाखवलं की तसंच दुसरं करून मिळतं. कलमांजवळची ठिबकची नळी एकदा रोटरला अशी गुंडाळली की ती सोडवण्यात अख्खा रविवार गेला. आणि भुग्याला म्हैस तोंड लावत नाही. शेजारचे आबा दरवर्षी आमच्या रानातली वैरण न्यायचे, त्यांचं तोंड पहिल्याच फेरीला उतरलं. आता वरचं एक एकर मी तसंच सोडतो, ते विळ्यानं कापून नेतात.

उताराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण शोरूममध्ये हे कुणी बोललं नाही. ट्रॅक्टर आडवा घालायचा नाही, वर-खाली चालवायचा. ऑगस्टमध्ये मी आडवा घातला आणि गवतात दडलेल्या वारुळावर वरचं चाक चढलं. ट्रॅक्टर कलंडला नाही एवढंच. मी उतरून दहा मिनिटं बांधावर बसून राहिलो. त्या दिवसापासून नवं रान असेल तर आधी काठी घेऊन चालत जातो. उतरताना फोर व्हील चालूच ठेवायचं, म्हणजे इंजिनचा ब्रेक चारी चाकांना लागतो. फांद्यांखाली जाताना डोक्यामागची, ट्रॅक्टर कलंडला तर आपल्याला वाचवणारी लोखंडी कमान दुमडली, तर तेवढा वेळ सीटचा पट्टा लावायचा नाही. कमान उभी असेल तेव्हा मात्र पट्टा हवाच.

ब्रश कटर विकला नाही, विकूही नका. झाडाच्या बुंध्याशी, बांधावर, चरात अजून त्याचंच राज्य आहे. माझ्या हिशोबानं चौथा हिस्सा काम तोच करतो.

स्लॅशर शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. कुणाची सपाट, बिनदगडी जमीन आणि ३५ एचपीच्या वरचा ट्रॅक्टर असेल, तर येऊन बघा. शिअर बोल्ट फुकट देतो, पुष्कळ उरलेत.