‘कर्जमाफी प्रमाणपत्र’ विकणाऱ्यांपासून सावध राहावे

इचलकरंजीत माझे थोरले बंधू यंत्रमाग चालवतात. सुताचे चढे भाव आणि व्यापाऱ्यांकडे अडकलेली बिले यांमुळे दोन फायनान्स कंपन्यांचे विनातारण कर्ज, एका पतसंस्थेचे कर्ज आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असे सुमारे अकरा लाखांचे देणे झाले असताना त्यांना एका ‘ऋणमुक्ती सल्लागार’ कार्यालयाची जाहिरात मोबाइलवर दिसली. ‘२०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्यानुसार संपूर्ण कर्ज माफ, वसुलीचे फोन बंद’ असा तिचा मजकूर होता. तेथील गृहस्थांनी ‘कायदेशीर शुल्क’ म्हणून ४५ हजार रुपये घेतले, सर्व हप्ते तत्काळ थांबवण्यास सांगितले आणि काही आठवड्यांनी एक कागद हाती ठेवला.

तो कागद मी नीट पाहिला आहे. ५०० रुपयांचा मुद्रांक, वर ठळक अक्षरांत ‘कर्जमाफी प्रमाणपत्र’, खाली नोटरीचा लाल गोल शिक्का, आणि मध्ये ‘सदर इसम आजच्या तारखेपासून सर्व वित्तीय संस्थांच्या देण्यातून मुक्त झाले आहेत’ हे वाक्य. न्यायालयाचे नाव, प्रकरण क्रमांक, न्यायाधीशांची सही यांपैकी काहीही त्यावर नव्हते. अशा कागदाला कायद्यात कसलीही किंमत नाही. पैसे घेऊन अशी प्रमाणपत्रे देणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी जाहीर इशारा दिलेला आहे. तो आमच्या वाचनात आला तोवर पैसे गेलेले होते.

ज्या कायद्याचे नाव घेऊन ही फसवणूक होते, त्याची खरी स्थिती सांगणे मला अत्यंत आवश्यक वाटते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. सामान्य कर्जदारासाठी तो अद्याप लागू झालेला नाही, आणि त्यातील ‘नव्याने सुरुवात’ ही छोट्या कर्जदाराला देण्यातून मोकळे करणारी तरतूद उद्या लागू झाली तरी तिची मर्यादा ३५ हजार रुपयांच्या कर्जाची आहे. आपल्याकडे आजही मुंबईत १९०९ चा आणि राज्याच्या उर्वरित भागात १९२० चा नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदा चालतो. १९२० च्या कायद्याखाली अर्ज जिल्हा पातळीवरील न्यायालयात करावा लागतो. न्यायालयाने नादार घोषित केले म्हणजे कर्ज संपले, असे मुळीच होत नाही. जप्तीतून वगळलेल्या वस्तू सोडून बाकीची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, धनको म्हणजे कर्ज देणारे आपापले दावे सिद्ध करतात, आणि ऋणमुक्तीसाठी न्यायालयाने ठरवून दिलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो; तो न केल्यास नादारीची घोषणाच रद्द होते. मालमत्ता विनातारण देण्याच्या रुपयाला आठ आणे, म्हणजे निम्मी, इतकीही भरत नसेल आणि ही वेळ आपल्या दोषाने आलेली नाही हे न्यायालयाला पटवता आले नाही, तर बिनशर्त ऋणमुक्ती मिळत नाही. मिळाली तरी शासनाचे देणे, फसवणूक करून घेतलेले कर्ज आणि न्यायालयाने ठरवलेली पोटगी त्यातून सुटत नाही, आणि घर किंवा वाहन तारण असेल तर त्यावरील धनकोचा हक्क अबाधित राहतो.

या सगळ्यात आम्हाला सर्वाधिक बोचले ते जामीनदाराचे. पतसंस्थेच्या कर्जाला आमचे मामा जामीन होते. ‘कर्जदार सुटला की जामीनदार आपोआप सुटतो’ असे त्या कार्यालयात छातीठोकपणे सांगण्यात आले होते, प्रत्यक्षात मात्र १९२० च्या कायद्याच्या कलम ४४ मध्ये ऋणमुक्तीच्या आदेशाने जामीनदार मुक्त होत नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालील वसुली दाखल्याची नोटीस थेट मामांच्या नावे आली. आयुष्यभर कोणाचा एक रुपया न ठेवलेल्या सत्तरीतल्या माणसाला ती नोटीस वाचताना पाहणे फार कठीण होते. अडलेल्या माणसाला, आणि त्याच्यासाठी उभ्या राहिलेल्या नातेवाइकालाही, असे नागवणे मला साध्या चोरीहून गंभीर वाटते.

हप्ते थांबवण्याचा सल्लाही तितकाच घातक ठरला. दंडव्याज वाढले, आणि खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेल्यामुळे २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली नोटीस आली. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा रकमेच्या दुप्पट दंडापर्यंतची तरतूद आहे.

पुढे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातील वकिलांच्या सल्ल्याने बंधूंनी फायनान्स कंपन्यांशी स्वतः बोलणी केली आणि एका कर्जाची तडजोड लोकअदालतीत झाली. अशा तडजोडीने पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो व पुढील कर्ज मिळणे अवघड होते, हेही त्यांना आधीच समजावून देण्यात आले. कोणी ‘तुमचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला आहे’ असे सांगितले, तर त्याच्याकडे सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक न्यायालयीन प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षरे-अंकांचा स्वतंत्र क्रमांक, मागावा आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा. आम्ही तो मागितल्यावर त्या कार्यालयाने फोन घेणे बंद केले.

फसवणुकीची तक्रार आता पोलिसांकडे आहे. ज्यांच्याकडे असे प्रमाणपत्र असेल त्यांनी ते रागाच्या भरात फाडू नये. मूळ कागद, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण जपून ठेवावे, कारण तक्रार घेताना आमच्याकडे सर्वप्रथम याच गोष्टी मागण्यात आल्या.