डायलिसिस केंद्र पारखताना: नाशिकमधील एका केंद्राचा अनुभव

नाशिकमधील एका खासगी रुग्णालयाच्या डायलिसिस केंद्रात माझ्या वडिलांवर गेल्या वर्षापासून उपचार सुरू आहेत. केंद्र निवडताना घरापासूनचे अंतर, वातानुकूलन आणि बिलाचा आकडा पाहिला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु बंद पडलेल्या मूत्रपिंडांचे काम हे केंद्र कितपत सांभाळते, हा या परीक्षणाचा खरा निकष आहे.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातले बहुतेक पाणी आणि क्षार रक्तात परत घेतात आणि जेमतेम दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. रक्तातील पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ आणि सोडियम १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर या मर्यादेत राहते, ते या अखंड कामामुळे. आठवड्याच्या १६८ तासांचे हे काम यंत्राला चार-चार तासांच्या तीन बैठकांत, म्हणजे १२ तासांत उरकावे लागते. साहजिकच दोन बैठकांच्या मधल्या काळात पाणी, पोटॅशियम आणि आम्ल साचत जातात.

पाण्याच्या बाबतीत हे केंद्र चोख आहे. डायलायझरमधील, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यातील, केसासारख्या बारीक नळ्यांतून रक्त वाहते आणि नळ्यांबाहेरून उलट दिशेने डायलिसिसचा द्रव वाहतो. युरिया व पोटॅशियम रक्तातून द्रवात उतरतात, तर बायकार्बोनेट द्रवातून रक्तात जाऊन साचलेले आम्ल शमवते. मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने एका बैठकीत १२० लिटर द्रव लागतो. त्या पाण्यात क्लोरामाइन हे जंतुनाशक राहून गेले तर रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ संयंत्राची रोजची तपासणी महत्त्वाची. येथे तिची नोंदवही दाराजवळच टांगलेली असते आणि नातेवाइकांनी ती चाळली तर कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. पुन्हा वापरायच्या डायलायझरवर रुग्णाचे नाव आणि वापराचा क्रमांक लिहिलेला असतो. जोडण्यापूर्वी सिस्टर तो मोठ्याने वाचून वडिलांकडून खात्री करून घेतात. नळ्यांची मूळ धारणक्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली की तो डायलायझर बाद होतो.

‘ड्राय वेट’ ठरवण्यात मात्र येथील काम कमी पडते. अंगात जादा पाणी नसताना रुग्णाचे जे वजन असावे, ते ड्राय वेट. आल्या आल्या केलेल्या वजनातून ते वजा करून किती पाणी काढायचे हे ठरते. भूक सुधारली की अंगावर मांस चढते, आजारपणात ते झडते, त्यामुळे हा आकडा वरचेवर तपासावा लागतो. वडिलांचा आकडा बरेच महिने तोच राहिला. परिणामी तिसऱ्या तासानंतर पिंडऱ्यांत गोळे येऊ लागले आणि रक्तदाब कोसळू लागला. रक्तवाहिन्यांतील पाणी यंत्र ज्या वेगाने ओढते, त्या वेगाने ऊतींमधले पाणी तेथे परतत नाही. म्हणून ताशी प्रतिकिलो १३ मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी काढू नये असा संकेत आहे. आम्ही विचारल्यानंतर डॉक्टरांनी आकडा बदलला आणि त्रास थांबला. हे आम्हाला विचारावे लागले, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आहाराचा इंग्रजी छापील कागद तर निरुपयोगी आहे. त्यात ॲव्होकाडो आहे, शहाळे नाही. आजाऱ्याला भेटायला येणारा पाहुणा आपल्याकडे हमखास शहाळे घेऊन येतो, आणि त्यात पोटॅशियम भरपूर असते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात तर पोटॅशियम क्लोराइडच असते. पोटॅशियम घटवायला बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळावा आणि ते पाणी ओतून द्यावे, ही उपयोगाची गोष्ट आम्हाला तेथील एका तंत्रज्ञाने सुई काढता काढता सांगितली. त्यांच्या सुई टोचण्याच्या कौशल्याबद्दलही चांगलेच लिहावे लागेल: फिस्टुलावर (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या धमनी-शिरेवर) बोटे ठेवून थरथर जाणवल्याशिवाय ते सुईला हात लावत नाहीत.

निरोगी मूत्रपिंडे तांबड्या पेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक बनवतात; यंत्र ते तयार करत नाही, म्हणून हिमोग्लोबिनसाठी इंजेक्शने लागतात. त्यांचे बिल वेगळे येते, हे प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवे होते. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. नव्या रुग्णांनी केंद्र त्या योजनेत आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

रविवारी केंद्र बंद असते. मंगळवार-गुरुवार-शनिवारच्या रुग्णांना त्यामुळे शनिवार ते मंगळवार असा मोठा खंड पडतो, आणि हृदयाला सर्वाधिक धोका याच खंडाच्या शेवटी असतो. सोमवारी धाप लागली किंवा हातपाय गळून गेल्यासारखे वाटले तर फोन कोणाला करायचा, याचे उत्तर येथे नीट मिळते: रात्रपाळीचा तंत्रज्ञ असतो आणि एक यंत्र तातडीच्या रुग्णासाठी राखून ठेवलेले असते. एवढ्या एका कारणासाठी, ड्राय वेटची आठवण आम्हालाच करून द्यावी लागत असूनही, आम्ही केंद्र बदललेले नाही.