गनप्ला रंगवायचाय: ब्रश, स्प्रे कॅन की एअरब्रश? ठाण्याच्या वन बीएचकेतून लिहितोय

गनप्लाची, म्हणजे बांदाईच्या गंडम रोबोटच्या प्लास्टिक मॉडेलची, दोन-तीन किट जोडून झाली की हा प्रश्न पडतोच, की आता रंगवायचं कशाने. मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका पोराने विचारलं, कळव्याला राहतो, नुकतंच त्याचं दुसरं एचजी (हाय ग्रेड) किट पूर्ण झालंय आणि व्हिडिओ बघून बघून एअरब्रश, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणारं पेन, घ्यायचाच असं जवळपास ठरवून बसलाय. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितो, कारण नौपाड्यातल्या आमच्या घरात मी ब्रश आणि स्प्रे दोन्ही वापरलेत, ऐरोलीच्या मित्राकडे जाऊन एअरब्रशवर पाच-सहा किट केलीत, आणि माझं ठाम मत झालंय की हा निर्णय फोटोतलं फिनिश बघून घ्यायचा नसतो. घर केवढं, घरात कोण कोण आहे आणि महिना कुठला चालू आहे, हे तीन आधी बघा.

मुळात रंगवलंच पाहिजे असं काही नाहीये हां. जुलै १९८० मध्ये बांदाईने गंडमचं पहिलं १/१४४ मापाचं किट काढलं, किंमत ३०० येन, तेव्हा चिकटवायचं पण आपण आणि रंगवायचं पण आपण. आता प्रत्येक भाग आधीच रंगीत प्लास्टिकचा येतो, गोंद लागत नाही, २०२० च्या एन्ट्री ग्रेडला तर निपर, म्हणजे भाग कापायची पक्कडसुद्धा लागत नाही, हाताने तोडून जोडता येतं. म्हणजे आज आपण रंगवतो ते प्लास्टिकची ती खेळण्यासारखी चकाकी घालवायला, भाग फ्रेमला जोडणारा गेट कापल्यावर राहिलेले पांढरे डाग झाकायला आणि कंपनीने जिथे स्टिकर दिलाय तिथे खरा रंग द्यायला. नुसतं पॅनल लाइन, म्हणजे भागांवरच्या बारीक खाचांत गडद शाई, आणि वरून मॅट कोट, म्हणजे चकाकी मारणारा पारदर्शक थर, एवढं केलं तरी किट ओळखू येत नाही इतकं बदलतं, आणि बऱ्याच जणांचं तेवढ्यात समाधान होतं. पण गंमत अशी की तो मॅट कोट मारायलाही या तिघांपैकी काहीतरी लागतंच.

ब्रशपासून सुरू करतो कारण त्याला लोक उगाच कमी समजतात. पाण्यात पातळ होणारे अ‍ॅक्रिलिक, म्हणजे वॅलेहो मॉडेल कलर किंवा सिटाडेल वगैरे, वास जवळजवळ नाही, ब्रश नळाखाली धुतला की काम संपलं. माझ्या आईला दम्याचा त्रास आहे आणि घर एवढंसं, त्यामुळे माझ्यासाठी हा मुद्दा इथेच मिटला होता. टेकनिक एकच आहे आणि ती घाई केली की बिघडते: रंग दुधाइतका पातळ करायचा, पहिला हात मारल्यावर खालचं प्लास्टिक दिसतं तेव्हा घाबरायचं नाही, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसरा हात, मग तिसरा. बहुतेकांचं इथेच चुकतं, पहिल्याच हातात झाकायला जातात, मग रंग जाड बसतो, ब्रशचे ओरखडे दिसतात आणि पॅनल लाइनच्या खाचा भरून जातात. पंख्याखाली रंग पॅलेटवरच सुकतो म्हणून एक चपटा डबा घ्या, त्यात ओला स्पंज किंवा टिश्यूची घडी आणि वर बटर पेपर, झाकण लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीसुद्धा तोच रंग वापरता येतो. आणि एक, तामियाच्या एक्स-एक्सएफ बाटल्या अल्कोहोल बेसच्या असतात, एअरब्रशमधून त्या सुंदर बसतात पण ब्रशने दुसरा हात मारायला गेलात की खालचा थर उचलला जातो, तेव्हा ब्रशसाठी घेताना बाटलीवर काय लिहिलंय ते बघून घ्या.

ब्रशची खरी अडचण पांढरा आणि पिवळा. दोन्ही रंग झाकत नाहीत, चार-पाच हात मारले तरी ढगाळ दिसतात. म्हणून ब्रशवाल्याने पहिलं किट आरएक्स-७८-२, म्हणजे तो मूळचा पांढरा गंडम, नका घेऊ, झाकू घ्या. दोन छटांचा हिरवा, मोठे गोल भाग, आणि झिऑनचं, म्हणजे गोष्टीतल्या शत्रुपक्षाचं, हे रोजच्या लढाईतलं मशीन असल्यामुळे थोडं खरचटलेलं, धुळीचं दिसलं तर ते उलट शोभून दिसतं. आरएक्स-७८-२ आधीच घेऊन ठेवला असेल तर त्याचं पांढरं प्लास्टिक तसंच ठेवा, रंगवूच नका, निळी छाती, लाल पोट आणि थ्रस्टरच्या आतली बाजू एवढंच ब्रशने करा आणि सगळ्यावर मॅट, खूप छान दिसतो.

स्प्रे कॅनबद्दल फार लिहीत नाही कारण आपल्याकडे त्याचा उपयोग मर्यादित आहे. एकसारखा थर, मशीन नको, वीतभर अंतर ठेवून झटकन एका दिशेने हात फिरवायचा, जवळ गेलात की ओघळलंच. प्रायमर आणि शेवटचा मॅट कोट यासाठी मस्त. पण रंगासाठी प्रत्येक शेडचा वेगळा कॅन, मिक्स करता येत नाही, आणि निम्मा रंग हवेत. जपानहून येणाऱ्या कुणाला बॅगेत आणायला सांगू नका, ज्वलनशील स्प्रे विमानात चालत नाही, चेक-इनमध्येही नाही, लॅकरच्या, म्हणजे थिनरने पातळ होणाऱ्या रंगाच्या, बाटल्यांचंही तेच. मग माणूस हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा स्प्रे उचलतो, त्याचं सॉल्व्हंट कडक असतं, जरा ओला थर बसला की किटचं प्लास्टिक (पॉलिस्टायरिन) खातं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. वापरायचाच असेल तर आधी रिकाम्या रनरवर, म्हणजे भाग काढून उरलेल्या फ्रेमवर, मारून बघा.

आणि पाऊस. हे नीट वाचा कारण आपल्याकडचे व्हिडिओ बनवणारेही हे घाईत सांगून जातात. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये दोन तासांची उघडीप मिळाली म्हणून मी ग्रिलमध्ये उभा राहून पूर्ण झालेल्या झाकूवर मॅट कोट मारला आणि दहा मिनिटांत त्याच्या अंगावर पांढरट साय धरल्यासारखं झालं. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थरात अडकतं, याला ब्लशिंग म्हणतात. पाऊस थांबलाय म्हणजे हवा कोरडी झालीय असं नसतं. तेव्हापासून घरात हवेतला दमटपणा मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर ठेवलाय आणि आकडा ७० टक्क्यांच्या वर असेल तर मी कुठलाही लॅकर स्प्रे हातात घेत नाही, म्हणजे ठाण्यात जून ते सप्टेंबर जवळपास बंदच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला सीझन. पावसाळ्यात मॅट हवाच असेल तर पाण्याचं मॅट वार्निश ब्रशने लावा, फक्त घोटत बसू नका, एकदा फिरवलं की सोडा.

आता एअरब्रश. फिनिश म्हणाल तर तोडच नाही. इतका पातळ थर की बारीकातली बारीक खाच उघडी राहते, पांढरा-पिवळा सहज बसतो, कडेला गडद आणि मध्ये उजळ अशी शेडिंग फक्त यातच नीट जमते. ०.३ मिमी नोझलचा डबल अ‍ॅक्शन (हवा आणि रंग दोन्ही एकाच ट्रिगरवर), टाकी आणि मॉइश्चर ट्रॅप असलेला कॉम्प्रेसर, प्रेशर १५ ते २० पीएसआय, एवढ्यात सगळं गनप्ला होतं. मॉइश्चर ट्रॅपवर पैसे वाचवू नका, आपल्या हवेत होजमध्ये पाणी जमतं आणि मधेच रंगावर थेंब उडतो.

पण पोरांना खर्च म्हणजे फक्त एअरब्रश आणि कॉम्प्रेसर वाटतो. लॅकर मारायचा तर खिडकीबाहेर हवा फेकणारा बूथ पाहिजे, आणि मास्क ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला, एन-९५ कणांना अडवतो, वाफेला नाही. खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर तो वास सरळ वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात जातो, त्या घरात तान्हं बाळ असू शकतं, हे तुम्हालाच बघायला हवं. शिवाय रंग मारायला पाच मिनिटं आणि साफ करायला पंधरा, प्रत्येक रंगाला, म्हणजे रात्री दहाला घरी पोचणाऱ्या माणसाला रोज थोडंथोडं करणं यात जमत नाही. ऐरोलीच्या मित्राकडे वेगळी खोली आहे, टेबल कायमचं मांडलेलं आहे, त्यामुळे त्याचं होतं. मी शनिवारी ट्रान्स हार्बर लोकलने सुटे भाग एका डब्यात भरून घेऊन जातो, आठवडाभर घरी कापणं आणि पॉलिश पेपरने घासणं उरकलेलं असतं, आणि एका दुपारी सगळे पांढरे भाग मारून येतो. वास नको म्हणून एअरब्रशमधून पाण्याचे रंगही मारता येतात, फक्त सुईच्या टोकावर रंग सुकतो आणि सारखं पुसावं लागतं.

किटप्रमाणे पण थोडं बदलतं. आरजीला (रियल ग्रेड) ब्रश लावू नका, १/१४४ मध्येच इतके बारीक आणि घट्ट सांधे की रंगाच्या जाडीने हलवताना पोपडे निघतात, नुसता मॅट पुरे. १/१०० च्या एमजीचे (मास्टर ग्रेड) मोठे सपाट भाग एअरब्रशचा खरा आनंद देतात. आणि हासेगावा कंपनीची, मॅक्रॉस या अ‍ॅनिमे मालिकेतली विमानं बघून भुललात तर लक्षात ठेवा की ती चिकटवून पूर्ण रंगवायचीच असतात, तिथे ब्रशवर पांढरी व्हॅल्कायरी (मॅक्रॉसचं ते विमान) करायला फार संयम लागतो.

पॅनल लाइनबद्दल एक सावधगिरी, तिन्ही प्रकारांना लागू: एनॅमलची पातळ शाई उघड्या प्लास्टिकवर सोडली आणि तो भाग ताणात बसलेला असेल तर चिरतो. माझा एक गुडघा असाच गेला. आधी ग्लॉस कोट मारा, किंवा बारीक टोकाचा मार्कर वापरा.

तर कोणी काय घ्यावं. घर लहान, वेळ तुकड्यातुकड्यात, घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल: ब्रश, डोळे झाकून. फक्त प्लास्टिकची चकाकी घालवायचीय आणि हिवाळा आहे: मॅटचा एक कॅन. बंद करता येणारी खोली, बाहेर उघडणारी खिडकी आणि वर्षाला पाच-सहा किट करायची खात्री असेल तर एअरब्रश, आणि तोही आधी कुणाकडे तरी दोन-चार वेळा हातात धरून बघितल्यावर.

कळव्याच्या पोराला मी झाकू, दोन चपटे सिंथेटिक ब्रश आणि सहा रंग घ्यायला लावले. काल रात्री त्याने फोटो पाठवला, डाव्या खांद्याचे काटे झालेत, कडांवर कोरड्या ब्रशने चंदेरी घासलंय आणि मोनो-आयचा, म्हणजे एकुलत्या डोळ्याचा, स्टिकर न लावता गुलाबी ठिपका हाताने दिलाय, थोडा तिरका आहे पण जिवंत दिसतोय. मॅटचा स्प्रे आत्ता मारू नको म्हटलंय, हायग्रोमीटर आज ८८ दाखवतोय. नोव्हेंबरमध्ये त्याचा झाकू आणि माझा बाकी राहिलेला डोम (झिऑनचंच दुसरं मशीन) दोन्ही ऐरोलीला घेऊन जाणार आहोत.