पाठीचा बाक: श्वासाचे व्यायाम, ब्रेस की ऑपरेशन?

वेणी घालताना आईच्या लक्षात येतं की पोरीच्या उजव्या खांद्याचं पातं डाव्यापेक्षा बाहेर आलंय. ड्रेसची एक बाजू वर चढते, ओढणी एकाच खांद्यावरून घसरते. मग एक्स-रे निघतो, रिपोर्टवर ‘स्कोलिओसिस’ (कण्याचा बाजूला गेलेला बाक) आणि पुढे काही अंश लिहून येतात, आणि त्याच रात्री घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, मणक्याचं ऑपरेशन नकोच, व्यायामानं होऊ दे. दुसरा म्हणतो, उगाच वेळ घालवू नका, पुण्या-मुंबईला दाखवून एकदाचं करून टाका.

हा आढावा त्या घरासाठी आहे. विषय मुख्यतः 10 ते 18 या वयातल्या, ठोस कारण न सापडणाऱ्या बाकाचा. मणके जन्मतःच अर्धवट घडलेले असतील किंवा स्नायूंच्या, नसांच्या आजारातून बाक आला असेल, तर खालचा हिशेब लागू होत नाही. झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायात मुंग्या किंवा कमजोरी, लघवीवरचा ताबा सुटणं, छातीच्या भागातला बाक डावीकडे असणं, यातलं काही दिसलं तर आधी एमआरआयबद्दल विचारा. व्यायामाचं नंतर बघता येतं.

निर्णयाआधी दोन आकडे

पहिला आकडा कॉब अँगल. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे सर्वांत तिरके मणके धरून एक्स-रेवर हा कोन मोजतात. 10 अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. या मोजणीत साधारण 5 अंशांची चूक गृहीतच असते. मार्चमध्ये 24 आणि सप्टेंबरमध्ये 27 आले म्हणून घाबरू नका, आणि 24 चे 21 झाले म्हणून पेढेही वाटू नका. तोच डॉक्टर, तीच पद्धत आणि 6 अंशांहून जास्त फरक, तेव्हाच बाक खरंच हलला असं धरायचं.

दुसरा आकडा रिसर, म्हणजे कमरेच्या हाडाच्या कडेवरून वाढ किती उरली त्याचा अंदाज, 0 ते 5: 0 म्हणजे वाढ भरपूर बाकी, 5 म्हणजे संपलेली. घरात याची चर्चा सहसा होत नाही, पण निर्णय खरा इथेच फिरतो. लॉन्स्टाइन आणि कार्लसन यांच्या 1984 च्या अभ्यासात 20 ते 29 अंशांच्या बाकांपैकी रिसर 0–1 असताना 68 टक्के वाढले आणि रिसर 2–4 असताना 23 टक्के. बाक सारखाच, पुढची वाट मात्र पूर्ण वेगळी.

म्हणून ‘दहावी होऊ दे, मग बघू’ हे सर्वांत महागात पडणारं वाक्य आहे. मुलींची उंची झपाट्यानं वाढते ती पाळी येण्याच्या आधीच्या वर्षात, आणि पाळीनंतर साधारण दोन वर्षांत वाढ बहुतेक आटोपते. म्हणजे सहावी ते आठवी हीच बाकाची परीक्षा असते. दहावीचा निकाल लागेपर्यंत इकडचा निकाल लागून गेलेला असतो.

एक्स-रे उभं राहून, मानेपासून कमरेच्या हाडापर्यंत एकाच फिल्मवर हवा, आणि छाती प्लेटकडे करून काढलेला हवा. वाढत्या वयाच्या मुलींमध्ये स्तनांवर जाणारं रेडिएशन त्यानं कमी होतं. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात असो, कदमवाडीच्या डी. वाय. पाटील रुग्णालयात असो की राजारामपुरीतल्या खासगी सेंटरवर, टेक्निशियनला हे आधी सांगा. झोपवून काढलेल्या किंवा दोन तुकड्यांतल्या फिल्मवरचा अंश तुलनेला उपयोगाचा नाही.

व्यायाम काय करतो

ज्याला बाकाचा खास व्यायाम म्हणतात त्यात सर्वांत जुनी आणि माहितीची पद्धत श्रॉथची. जर्मनीच्या कॅथरिना श्रॉथ यांना स्वतःला हा बाक होता. 1920 च्या दशकात त्यांनी ती घडवली. कणा फक्त बाजूला झुकत नाही, तो पिळलाही जातो. एका बाजूच्या बरगड्या मागे उंच येतात, दुसऱ्या बाजूला खळगा पडतो. त्या खळग्यात श्वास भरून बरगड्या आतून ढकलायच्या, आणि श्वास सोडताना स्नायू आवळून ती स्थिती धरून ठेवायची, हे या पद्धतीचं मर्म.

प्राणायाम आणि हा श्वास यांतला फरक इथेच आहे. अनुलोम-विलोम केल्यानं दम वाढेल, मन शांत होईल. पण हवा जाते ती आधीच मोकळ्या असलेल्या बाजूला. सूर्यनमस्कार, तालमीतले जोर-बैठका, मल्लखांब, फुटबॉल यांना बंदी नाही, पोरांनी खेळावंच. फक्त त्यांना बाकावरचा उपचार समजू नका. भुजंगासन आणि चक्रासनाबाबत एक सावधगिरी: या बाकात पाठीची नैसर्गिक गोलाई बऱ्याचदा आधीच कमी झालेली असते, तिला रोज आणखी मागे वाकवून काही साधत नाही. बारला लोंबकळल्यानं तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं. उतरल्यावर कणा जागच्या जागी. आणि गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध रोज पाजा, हाडं बळकट होतील; बाक त्यानं सरळ होणार नाही.

आता पुरावा. कॅनडातल्या एका चाचणीत 10 ते 18 वयाच्या 50 मुलांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत सहा महिने श्रॉथ दिलं. पहिल्या दोन आठवड्यांत एकेक तासाची पाच सत्रं, मग आठवड्याला एक, आणि घरी रोज 30 ते 45 मिनिटं. शेवटी त्यांच्या आणि उरलेल्यांच्या मोठ्या बाकात सरासरी 3.5 अंशांचा फरक पडला, श्रॉथवाल्यांच्या बाजूनं. फरक खरा आहे, पण छोटा आहे, आणि चाचणीही छोटी आणि थोड्या काळाची. एकट्या मुलीच्या एक्स-रेवर 3.5 अंश मोजणीच्या चुकीतच बुडून जातात. व्यायामाकडून रास्त अपेक्षा एवढीच: वाढत्या वयात बाक जागेवर धरायला मदत, ठेवण सुधारणं, पाठीची ताकद आणि दुखणं कमी होणं. ‘40 चे 10 करून देतो’ म्हणणारा एक्स-रे न दाखवता फोटो दाखवत असेल, तर तिथून उठा. चांगलं उभं राहिलं की फोटो लगेच सुधारतो, हाडाचा कोन तसाच असू शकतो. हाडवैद्याकडे नेऊन कणा ‘बसवून’ घेण्याचाही प्रकार होतो. पिळलेला मणका दाबून बसत नाही. कृपा करून तो धोका घेऊ नका.

एक श्वास, जवळून

उदाहरण सर्वांत जास्त आढळणाऱ्या बाकाचं धरू: छातीच्या भागात, उजवीकडे. म्हणजे उजवी पाठ उंच, डाव्या पात्याखाली खळगा.

पोरीला आरशासमोर पाठीशिवायच्या स्टुलावर बसवा. तळवे जमिनीला टेकलेले, दोन्ही बैठकीच्या हाडांवर भार सारखा. डोक्याची टाळू कुणी दोऱ्यानं वर ओढतंय अशी पाठ लांब करायची, छाती पुढे काढायची नाही. आईनं दोन बोटं डाव्या पात्याखालच्या खळग्यात ठेवायची. आता नाकानं तीन-चार सेकंद श्वास, त्या बोटांकडे: बाजूला, मागे आणि वर. बोटं बाहेर ढकलली जायला हवीत. मग दातांतून ‘स्स्स’ करत सावकाश सोडायचा, पाच-सहा सेकंद, आणि सोडताना डाव्या बरगड्या आत पडू द्यायच्या नाहीत. असे आठ-दहा श्वास, थोडी विश्रांती, तीन फेऱ्या. चक्कर आली तर थांबा, वेग जास्त होतोय.

पहिल्या आठवड्यात बोटं हलतच नाहीत, हे सगळ्यांचं होतं. बिघडतं ते पुढे. खांदे कानापर्यंत चढतात, म्हणजे श्वास वरच्या वर राहतो. पोट फुगतं. आईची बोटं खळग्यात असली तरी उजवा उंचवटाच आणखी वर येतो, म्हणजे चुकीच्या बाजूचा व्यायाम चाललाय. म्हणून दुसरा तळहात उजवीकडेही ठेवून बघा, तिथे हालचाल कमीच हवी. आणि सर्वांत नेहमीची चूक म्हणजे कंबर एका कुशीला सरकवून वरचा भाग सरळ दाखवणं. आरशात खांदे समान दिसतात आणि सगळे खूश होतात. नजर आधी कमरेच्या हाडांवर ठेवा, खांद्यांवर नंतर.

आडवं होऊन करायच्या व्यायामात तांदळाच्या पुरचुंड्या लागतात. जाड सुती कापडाची पिशवी, अर्धा किलो तांदूळ, सैल भरलेली, म्हणजे अंगाखाली आकार घेते. उताणं झोपल्यावर ती उंचवट्याखाली जाते, खळग्याखाली नाही. बाक दुहेरी असेल, कमरेतला डावीकडे असेल, तर सगळी मांडणी बदलते. त्यामुळे दुसऱ्याच्या मुलीचा व्हिडिओ बघून करू नका. तुमच्या एक्स-रेवर बोट ठेवून ‘इथे उंच, इथे खोल’ असं समजावणारा, या पद्धतीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला फिजिओ हवा. रोज त्याच्याकडे जायची गरज नाही. सुरुवातीची सत्रं लागोपाठ, मग महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी, मधे घरची शिस्त. सकाळी शाळेआधी 20 आणि संध्याकाळी 20 मिनिटं अशी विभागणी जास्त टिकते.

ब्रेस कुठे येतो

व्यायाम आणि ऑपरेशन यांच्या भांडणात ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक साचा, विसरला जातो, आणि वाढत्या वयात 25 ते 40 अंशांसाठी सर्वांत भक्कम पुरावा त्याच्याच बाजूनं आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात 20 ते 40 अंश, रिसर 0–2 असलेल्या मुलांपैकी ब्रेस वापरणारी 72 टक्के मुलं 50 अंशांपर्यंत न पोहोचता वाढ पूर्ण करू शकली. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं. दिवसाला सरासरी 13 तासांच्या आसपास किंवा जास्त घातला त्यांच्यात यश 90 टक्क्यांच्या वर.

तो 48 चा आकडाही लक्षात ठेवा. जवळपास निम्मी मुलं काही न करताही वाचली. शेजारची मुलगी अमुक तेलानं किंवा तमुक आसनानं ‘वाचली’ असं ऐकाल, तेव्हा हा आकडा आठवा.

ब्रेसची अडचण अंगावरची असते. एप्रिल-मेच्या उकाड्यात घामानं कातडी सोलवटते. आत शिवण नसलेला, घट्ट सुती बनियन घाला, दिवसातून दोनदा बदला. दाबाच्या जागी मलम-पावडर नको, त्यानं कातडी मऊ पडते. ब्रेस काढल्यावर लालसर डाग अर्ध्या तासात गेला पाहिजे; नाही गेला तर ब्रेस दुरुस्तीला न्या. उंची वाढली की तो लहान होतो, पुन्हा करावा लागतो. त्यामुळे बनवणारा मिरज-सांगलीच्या टप्प्यात असेल तर बरं; मुंबईला बनवला आणि प्रत्येक दुरुस्तीला रात्रीचा प्रवास, असं झालं की ब्रेस कपाटात जातो. व्यायाम आणि ब्रेस ही जोडी आहे. दोन्हींतून एक निवडायची सक्ती कुणी केली तर कारण विचारा.

ऑपरेशन

वाढ उरलेली असताना बाक 45 ते 50 अंशांच्या पुढे गेला तर ऑपरेशनचा विषय निघतो, आणि तो निघायलाच हवा. कारण 50 अंशांवरचे छातीचे बाक वाढ थांबल्यावरही वर्षाला साधारण एक अंश या गतीनं वाढत राहतात. 16 व्या वर्षी 52, तर चाळिशीत कुठे, हा हिशेब घरी करा. 30 अंशांच्या आतले बाक मात्र वाढ थांबल्यावर बहुधा स्थिर राहतात. ‘फुफ्फुस दबेल’ ही भीती 25 अंशांच्या मुलीला घालू नका. श्वासावर लक्षणीय परिणाम होतो तो फार मोठ्या, साधारण 80 अंशांच्या पुढच्या छातीच्या बाकांत.

मणक्यांत स्क्रू, त्यांना जोडणारे दोन रॉड, आणि ते मणके कायमचे एकजीव. बाक बहुतेकदा निम्म्याहून जास्त सरळ होतो, जे व्यायामानं किंवा ब्रेसनं होत नाही. दुसऱ्या दिवशी उभं करतात, आठवड्याच्या आत घरी सोडतात, महिना-दीड महिन्यात शाळा. वाकणं आणि वजन उचलणं काही महिने बंद, धक्क्याचे खेळ सहा महिने ते वर्षभर. किंमत म्हणजे जोडलेला भाग पुन्हा वाकत नाही; कमरेत जितकं खाली जोडाल तितकं हे जास्त जाणवतं. जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होणं, पुन्हा ऑपरेशन लागणं हे धोके आहेत. नसेला इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी, पण झाली तर मोठी. म्हणून सर्जनला तीन गोष्टी विचारा: वर्षाला असे बाक किती करता, ऑपरेशनच्या वेळी नसांचं मॉनिटरिंग असतं का, कुठल्या मणक्यापासून कुठल्यापर्यंत जोडणार. मॉनिटरिंग नसेल तर दुसरं रुग्णालय बघा, अंतर कितीही असो. खर्चात इम्प्लांटचा वाटा मोठा असतो. कोटेशनमध्ये इम्प्लांट, मॉनिटरिंग आणि आयसीयू वेगवेगळे लिहून घ्या, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते त्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

सीमारेषेवर

15 ते 20 अंश आणि वाढ बाकी: व्यायाम, दर चार-सहा महिन्यांनी तपासणी. 25 च्या पुढे आणि वाढ बाकी: ब्रेस, सोबत व्यायाम. एवढं सोपं आहे. अवघड आहे ते 42.

42 अंश, वय 15, पाळीला तीन वर्षं झालेली, रिसर 4. इथे ऑपरेशनची घाई नाही. व्यायाम करा, सहा महिन्यांनी आणि मग वर्षानं एक्स-रे काढा, आकडा हलला नाही तर अंतर वाढवत न्या. ठेवणीचा फार त्रास वाटत असेल तर मुलीचं म्हणणं ऐका, तिचा कणा आहे.

42 अंश, वय 12, पाळी अजून नाही, रिसर 0. इथे नुसत्या व्यायामावर सहा महिने काढणं म्हणजे सर्वांत मोलाचे सहा महिने घालवणं. ब्रेस याच महिन्यात, बहुतेक वेळ अंगावर, व्यायाम रोज, आणि मणक्याच्या सर्जनची भेट आत्ताच, 50 झाल्यावर नाही. पुढचा एक्स-रे चार महिन्यांनी. तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, आणि जाताना जुन्या सगळ्या फिल्म्स तारखेनं लावून सोबत न्या.