हरकतीचे खोटे पत्र आणि माझे ४१,३०० रुपये

आमच्या कांदा-लसूण मसाल्याचे नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे नोंदणीसाठी आलेली नावे छापणाऱ्या सरकारी पत्रिकेत, प्रसिद्ध झाले आणि त्याच आठवड्यात, स्वतःला ब्रँड संरक्षण सल्लागार म्हणवणाऱ्या एका टोळीने माझ्याकडून ४१,३०० रुपये उकळले. जर्नल कोणालाही पाहता येते, त्यात अर्जदाराचे नाव आणि पत्ता छापलेला असतो, आणि फोन नंबर मसाल्याच्या पाकिटावर असतोच.

पत्रात लिहिले होते की दुसऱ्या एका कंपनीने आमच्याशी मिळत्याजुळत्या नावासाठी अर्ज केला असून त्याच नावाची पाच डोमेन, म्हणजे संकेतस्थळांचे पत्तेही मागितले आहेत. पहिला हक्क आमचा, पण तो संध्याकाळपर्यंत बजावला पाहिजे. हरकतीसाठी जीएसटीसह ११,८०० आणि डोमेन अडवून ठेवण्यासाठी २९,५०० रुपये मी त्याच दुपारी भरले. वास्तविक हरकतीची सरकारी फी ऑनलाइन, मालाच्या एका वर्गासाठी २,७०० रुपये आहे आणि समोरच्याचा अर्ज जर्नलमध्ये आल्यापासून चार महिन्यांची मुदत मिळते. ‘आज संध्याकाळपर्यंत’ असे कोणी म्हणाले की फोन ठेवून द्या.

पत्राच्या दुसऱ्या पानावर, राजमुद्रेखालच्या चौकटीत ‘वर्ग २५’ असे छापलेले होते. वर्ग २५ म्हणजे कपडे आणि पादत्राणे. मसाले वर्ग ३० मध्ये येतात आणि तो आकडा आमच्या अर्जावर ठळक आहे. मी फोनवरच्या माणसाला त्याबद्दल विचारलेदेखील. तो जराही न अडखळता म्हणाला, “मॅडम, ते लोक सगळ्याच वर्गांत अर्ज टाकतात, म्हणून तर घाई करायला सांगतोय.” कुणा कापडवाल्याला पाठवलेलेच पत्र नाव बदलून माझ्या हाती दिले होते, हे त्या चौकटीत उघड लिहिलेले होते, आणि ती चौकट आठवली की आजही माझे पित्त खवळते. पत्रातला अर्ज क्रमांक सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. नंतर तपासला, तर तो भलत्याच मालाचा आणि भलत्याच मालकाचा निघाला.

मला भोळी म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की पत्रातला कायदा खरा होता. डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात म्हटले आहे, आणि त्याचा उल्लेख तिथे बिनचूक होता. कंपनी नोंदवली म्हणजे ट्रेडमार्क मिळत नाही, हेही त्यांनी बरोबरच लिहिले होते. आमच्या नावाचे डॉट इन डोमेन तेव्हा खरोखरच मोकळे होते, त्यामुळे भीती निराधार नव्हती. ते डोमेन नंतर मी स्वतः घेतले, वर्षाला हजार रुपयांच्या आत. तुम्हीही नाव ठरले की आधी तेवढे करा. आणि कोणी बळकावलेच, तर डॉट इनच्या वादासाठी निक्सीची, म्हणजे ही डोमेन सांभाळणाऱ्या संस्थेची, लवाद प्रक्रिया आहे, तिथे दलालाची गरज नाही.

पोलीस ठाण्यात मला सांगितले गेले की नावाचा वाद दिवाणी आहे, वकिलाकडे जा. वाद कुठे होता? समोरची कंपनीच अस्तित्वात नव्हती! ही सरळ फसवणूक, भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८. मग हद्दीचा मुद्दा निघाला, कारण पैसे गेलेले खाते परराज्यातले. वास्तविक नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे कलम मी छापून नेले होते, आणि साहेबांनी तो कागद न वाचता परत सरकवला. बँकेने तर ओटीपी तुम्हीच दिला म्हणून हात झटकले. पैसे जाताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पोलीस ठाण्याच्या बाकावर तो वेळ घालवू नका.

पुढच्याच महिन्यात ओळखीच्या एका बेकरीवाल्यांना तेच पत्र आले. वर्ग २५, सही तीच आणि पैसे भरायचे खातेही तेच, ज्याचा क्रमांक माझ्या तक्रारीच्या पहिल्या पानावर लिहिलेला होता.