सुक्या कचऱ्याच्या पेट्या कुठे ठेवायच्या? पणजीसाठी तीन पर्याय

शहरात रिसायकलिंगच्या सार्वजनिक पेट्या बसवायचे ठरले की पहिला वाद संख्येवरून होतो. पणजी महापालिकेचे प्रभाग ३०. प्रत्येक प्रभागाला सारख्याच पेट्या मिळाव्यात, ही मागणी न्यायाची वाटते आणि बैठकीत पटकन मंजूरही होते. पण तसे वाटप केले तर निम्म्या पेट्या रिकाम्या राहतील आणि उरलेल्या दुपारपर्यंत ओसंडून वाहतील.

याचे कारण शहराच्या घडणीत आहे. पणजीने या शतकाच्या पहिल्या दशकातच कोपऱ्यावरच्या मोठ्या कुंड्या हटवून घरोघरी कचरा गोळा करायला सुरुवात केली. सुका कचरा १६ प्रकारांत वेगळा करण्याची व्यवस्थाही महापालिकेने उभी केली आहे. म्हणजे ज्याला या शहरात दार आहे, त्याच्या कचऱ्याची सोय दारातच आहे. सार्वजनिक पेटी हवी आहे ती दार नसलेल्याला: बसमधून उतरलेल्या कॉलेजच्या मुलीला, पाटोच्या कार्यालयांत कामासाठी आलेल्या माणसाला, मांडवीकाठी फिरणाऱ्या पर्यटकाला. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती जेमतेम ४० हजार होती. दिवसा येऊन-जाऊन करणारे त्या आकड्यात धरलेलेच नाहीत, आणि पेटीचे खरे गिऱ्हाईक तेच आहेत.

निर्णय घेणाऱ्यापुढे ढोबळमानाने तीन वाटा आहेत. रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर लहान पेट्या, गर्दीच्या मोजक्या ठिकाणी मोठ्या पेट्यांचे थांबे, किंवा पेट्याच न ठेवता दुकानदार, गाडेवाले आणि कचऱ्याची गाडी यांच्यावर भिस्त.

रस्त्याच्या कडेने लहान पेट्या

नकाशावर हा पर्याय सर्वांत छान दिसतो. पेटी जवळ असली की माणूस वापरतो, लांब असली की बाटली गटारात जाते, हेही खरे. अडचण उचलण्याची आहे. एका जोडपेटीला (सुक्याची आणि शेजारी साध्या कचऱ्याची) थांबणे, पिशवी बदलणे आणि पुढच्या पेटीपर्यंत पोचणे यांत तीन मिनिटे गेली असे धरा. शंभर जोड्यांना पाच तास झाले, आणि तेही वाटेत गाडी कुठे अडली नाही तर. १८ जून रस्त्यावर भर दुपारी ट्रॅफिकमध्ये हे जमणार आहे का? तिथल्या पदपथावर मुळात चालायला जागा कमी, त्यात पेट्या आल्या की म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावर उतरावे लागते. याकडे दुर्लक्ष करून पेट्या बसवणे मला मान्य नाही.

मात्र मिरामार ते कांपाल हा पट्टा वेगळा. तिथे माणसे सलग चालतात, हातात पाण्याची बाटली किंवा आइस्क्रीमचा कप असतो आणि तो नेमका कुठे रिकामा होईल सांगता येत नाही. पदपथही रुंद आहे. लहान पेट्यांची रांग शोभते आणि उपयोगी पडते ती इथेच.

मोजके मोठे थांबे

माझे मत या पर्यायाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. वस्तू जिथे विकली जाते तिथे थांबा नको, ती जिथे रिकामी होते तिथे हवा. पाटोवरचा कदंबा बसस्टँड बघा. पाण्याची बाटली दुकानात विकत घेतात, पण संपवून टाकतात ती बसच्या दारात पाय ठेवताना. म्हणून पेटी दुकानापाशी किंवा प्रवेशद्वाराच्या शोभेच्या कमानीखाली न ठेवता बस लागतात त्या फलाटांच्या तोंडाशी ठेवायला हवी. शिवाय फेरी संपल्यावर कंडक्टर किंवा क्लीनर बस झाडतो, तो कचरा जातो कुठे हेही पाहा. गाड्या उभ्या करतात त्या कडेला एक मोठी पेटी ठेवली तर तो प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

मिरामारला बाटल्यांचा प्रश्न काचेचा आहे, आणि म्हणून जास्त गंभीर. किनाऱ्यावर दारू पिण्याला २०१९ च्या कायदादुरुस्तीने दंड लागला, तेव्हा तो एकट्याला २ हजार आणि गटाला १० हजार रुपये होता. तरीही बाटल्या येतातच, फक्त त्या आता झाडीत लपवल्या जातात आणि वाळूत फुटतात. अनवाणी धावणाऱ्या पोरांचे पाय तिथे कापतात. काचेच्या बाटल्यांची पेटी वाळूच्या कडेला ठेवली तर दंडाच्या भीतीने तिच्याजवळ जायला कुणी धजणार नाही. ती पार्किंगमध्ये, गाडीचे दार उघडते तिथे ठेवा. आत खोल पिंप नको, उथळ क्रेट हवे. बाटली अख्खी राहिली तर भंगारवाला ती परत भरण्यासाठी विकू शकतो, फुटली की फक्त काच उरते आणि तिला फारसा कुणी वाली नसतो.

फोंताइनास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत पेटी गल्लीत नेऊच नका. गल्ल्या अरुंद, कचऱ्याची गाडी शिरत नाही, आणि फोटो काढायला येणाऱ्यांमुळे रहिवासी आधीच त्रासलेले आहेत. त्यांच्या खिडकीखाली परक्यांचा कचरा साठवणे अन्यायाचे होईल. ओरें खाडीच्या बाजूचा मोठा रस्ता, जिथे पर्यटक गाडी लावून आत जातात आणि परत येतात, तिथे दोन्ही टोकांना थांबे पुरतात.

कॅसिनोच्या जेट्टीवर वेळेचा विचार आधी करावा लागतो. गर्दी रात्रीची, त्यामुळे सकाळी उशिरा येणारी गाडी तिथे उपयोगाची नाही. पहाटे, कावळे आणि कुत्री पोचण्याआधी उचल झाली पाहिजे. त्या वेळेला माणूस देता येत नसेल तर तिथे थांबा मंजूर करण्याची घाई करू नका.

पेट्याच नकोत

हा पर्याय ऐकून लोक चिडतात, पण आल्तिनो, भाटले, सांतिनेजचा रहिवासी भाग, रायबंदरच्या वाड्या इथे तोच योग्य आहे. रहिवासी गल्लीत ठेवलेली पेटी थोड्याच दिवसांत घरगुती कचऱ्याची होते. सकाळची गाडी चुकलेला माणूस ओला कचरा पिशवीत बांधून तिथेच टाकतो, आणि ज्या कुंड्या शहराने मेहनतीने काढल्या त्या नव्या रंगात परत येतात. तिथे पेटीचे पैसे गाडीच्या दुसऱ्या, संध्याकाळच्या फेरीवर खर्च करा. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरांना त्याचा खरा उपयोग होईल.

रोस-ऑम्लेटच्या (रश्शातल्या ऑम्लेटच्या) गाड्यांजवळही मी सार्वजनिक पेटी ठेवणार नाही. रस्सा लागलेली एक प्लेट आत पडली की त्या पेटीतला कागद गेला. आपला कचरा आपल्या डब्यात साठवण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी फेरीवाल्यांवरच टाकली होती, ती परवान्याच्या अटीत घालून पाळून घेणे जास्त परिणामकारक. शहाळीवाल्याचे तसेच. चार-पाच शहाळ्यांत पेटी भरते, बाटल्यांना जागा उरत नाही. त्याला वेगळी जाळी आणि वेगळी उचल हवी.

जागा ठरली, तरी पेटी कशी असावी

सुक्याची पेटी एकटी ठेवू नये. शेजारी साध्या कचऱ्याची पेटी नसेल तर केळीचे साल, डायपर, सगळे तिच्यातच जाते. झाकणाला बाटली-कॅन जाईल एवढेच गोल भोक असावे, कागदासाठी चीर. हात थांबतो तो या आकारामुळे, पाटीवरची सूचना फार थोडे वाचतात.

पावसाचा विचार तर आधीच हवा. जून ते सप्टेंबर भिजलेला कागद आणि पुठ्ठा कुणी घेत नाही. उघड्या पेटीत पाणी साचले तर डासांची पैदास, आणि डेंग्यूच्या दिवसांत ती चूक महागात पडते. पेटी जमिनीपासून उचललेली, तळाला भोके आणि वर उतरते झाकण. पावसाळ्यात कागदाचा कप्पा बंद ठेवला तरी चालेल, लोकांना फक्त तसे स्पष्ट सांगावे.

पेट्या काँक्रीटमध्ये गाडूनही टाकू नका. गोवा सरकारने २०२४ मध्ये ठेव-परतावा योजना अधिसूचित केली आहे, म्हणजे वस्तू घेताना थोडी ठेव भरायची आणि रिकामी बाटली परत दिली की ती मिळायची. बाटलीला ठेवीचे मोल आले की कचरा वेचणारे पेट्या धुंडाळू लागतील आणि जागांचे गणित बदलेल. जर्मनीतल्या काही शहरांनी यासाठी पेटीच्या बाहेरच बाटली ठेवायला कडी बसवली आहेत, म्हणजे वेचणाऱ्याला आत हात घालावा लागत नाही. वेचणाऱ्या बायकांचे हात काचेने कापू नयेत असे वाटत असेल तर ही सोय आजच करता येईल, योजना प्रत्यक्षात यायची वाट पाहण्याची गरज नाही.

नासलेल्या पेटीची किंमतही हिशोबात धरा. वेगळे न करता येणारे बरेच काही अखेर कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत जाते, आणि तिथवरचा ट्रकचा खर्च आपल्याच खिशातून होतो.

कार्निव्हल, शिगमो, इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) यांच्यासाठी कायमच्या पेट्या वाढवण्याचे कारण नाही. मिरवणुकीचा मार्ग आधीच ठरलेला असतो, तिथे तात्पुरत्या जोड्या लावून दुसऱ्या सकाळी काढाव्यात. शंभरहून जास्त माणसांच्या कार्यक्रमाची आगाऊ सूचना आणि कचऱ्याचे वर्गीकरण ही आयोजकाची जबाबदारी २०१६ च्या नियमांत होती. खर्चही त्याच्याकडूनच वसूल व्हावा.

तेव्हा माझी मांडणी अशी: मिरामार-कांपालला रांग, बसस्टँड, बाजार आणि ओरेंकाठी थांबे, उचलीला माणूस मिळाला तर जेट्टीवरही, आणि रहिवासी प्रभागांत संध्याकाळची गाडी. जागांवर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी त्या रस्त्यावर झाडू मारणाऱ्या कामगारांना सोबत घेऊन एकदा सकाळी फिरा. कुठल्या झाडाखाली बाटल्या साचतात, कुठल्या भिंतीमागे पिशव्या पडतात, हे त्यांना रोजच्या कामातून पाठ आहे, आणि आजवर त्यांना हे क्वचितच कुणी विचारले आहे. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, पहिले चार थांबे लावले तर नोव्हेंबरच्या इफ्फीच्या गर्दीत ते तपासून घेता येतील. जी पेटी तेव्हा रिकामी राहील ती उचलून दुसरीकडे न्या, मग ती कुणाच्याही प्रभागातली असो.