खासबागचे शिलाई मशीनवाले मेस्त्री: बंदच्या दिवसांपासूनचा माझा अनुभव

बेळगावात शिलाई मशीन कुणाकडं दुरुस्तीला न्यावं असं बायका विचारतात, तेव्हा मी खासबागच्या मेस्त्रींकडं पाठवते. आजवर तोंडीच सांगत आले. गेल्या आठवड्यात वडगावची एक मुलगी रडकुंडीला येऊन दारात उभी राहिली. कुणीतरी तिच्या मशीनचं शटल (सुईच्या दोऱ्याचा फासा उचलणारा खालचा भाग), बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी), दाते (कापड पुढं सरकवणारे) सगळं बदलून 1,800 रुपये घेतले होते आणि टाका तरीही सुटतच होता. मी तिला मेस्त्रींकडं घेऊन गेले. सुई पूर्ण वर न सरकवताच स्क्रू कसला होता. त्यांनी सुई वर बसवली, कापडाच्या तुकड्यावर शिलाई मारून दाखवली आणि 20 रुपये घेतले. म्हणून म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

मी शहापुरात राहते, 19 वर्षं ब्लाउज शिवते. घरात दोन मशीन आहेत. एक मोटर लावलेलं, दुसरं आईचं काळं पायमशीन. खरं पोट त्या काळ्यावर चाललंय. मेस्त्रींना मी आधीपासून ओळखत होते, पण वर्षातून एकदा तेलपाणी करून घेण्यापुरतं. कारागीर म्हणून ते काय आहेत हे कळलं 2020 च्या एप्रिलात.

24 मार्चच्या रात्री आठ वाजता टीव्हीवर लॉकडाऊन जाहीर झालं, तेव्हा माझ्या दांडीवर 23 ब्लाउज शिवून लटकत होते. लग्नसराई तोंडावर आलेली. त्यातला एकही न्यायला कुणी आलं नाही, आणि लग्नंच नाहीत तर मागायचं तरी कुणाकडं? आमचे हे उद्यमबागेत फौंड्रीत, तिथली भट्टी थंड. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्य खात्यानं घरी शिवलेला कापडी मास्क वापरा म्हणून सांगितलं. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यात पहिले रुग्ण सापडले, मग हिरेबागेवाडी आणि कुडचीची नावं रोज कानावर पडायला लागली. ओळखीच्या एका मेडिकलवाल्यानं 200 मास्क सांगितले. नगाला तीन रुपये शिलाई, कापड त्याचं. मी हो म्हटलं. घरात तेवढंच काम होतं.

मास्क दिसायला चिमूटभर, पण मशीनला तो ब्लाउजपेक्षा जड. कापड तीन पदरी, त्याला चुण्या, म्हणजे चुणीच्या कडेला नऊ पदर होतात. इलास्टिक बाजारात मिळतच नव्हतं, म्हणून कापडाचीच नाडी करून कोपऱ्यात घालायची, ते पदर आणखी वेगळे. सुई कोपऱ्याला आली की ठेचकाळायची. मी दामटत राहिले. दीडशेच्या आसपास मास्क झाले असतील, आणि कोपऱ्यावर एकदम टक् असा आवाज झाला, सुई मोडली. नवी सुई घातली तर दर तिसरा टाका सुटायला लागला, खाली दोऱ्याचा गुंता. त्याआधी माझ्या हातून एक चूक झाली होती. मशीनचं तेल संपलं होतं, दुकानं बंद, म्हणून मी आठवडाभर खोबरेल घालत होते. त्यानं चाक जड झालं होतं आणि मला वाटत होतं माझेच पाय थकलेत.

मेस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, “अक्का, आत्ता मी येऊ शकत नाही आणि तुम्हीपण बाहेर पडू नका. फोन मशीनच्या खाली धरा, आणि चाक हातानं फिरवा. पायडल नको.” लेकीनं फोन धरला, मी चाक फिरवलं. पलीकडं ते गप्प. तीन-चार फेरे झाले. मग म्हणाले, “आवाज सुई वर येताना होतोय की खाली जाताना?” मी म्हटलं, वर येताना. “मग सुई सरळ हाय. शटलचं टोक बघायचं.”

त्यांनी फोनवरूनच माझ्याकडून ते उघडून घेतलं. इतकी वर्षं मी मशीन चालवत होते, पण शटलच्या पुढची कडी सरकवून शटल हातात घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मागच्या बाजूला दोऱ्याची गाठ गच्च बसली होती, ती चिमट्यानं काढली. मग म्हणाले, “शटलच्या टोकावरून अंगठ्याचं नख फिरवा. खरखर लागते काय?” लागली. एका बाजूला बारीकशी, डोळ्याला दिसणार नाही एवढी. “म्हणजे सुईनं त्याला मारलंय. टोक मुडपलंय. आता चालवू नका, कापड फाडेल.” या सगळ्याला वीस मिनिटं गेली. पैसे किती विचारलं तर म्हणाले, फोनवर बोलायचे पैसे असतात काय?

पाच-सहा दिवस मशीन तसंच पडून राहिलं. दरम्यान 15 एप्रिलला केंद्राच्या गृहखात्याची नवी नियमावली आली. 20 एप्रिलपासून स्वतःचा धंदा करणाऱ्या काही कारागिरांना काम करता येईल, असं त्यात होतं. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, मोटर मेकॅनिक, सुतार, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे, एवढी नावं. मेस्त्रींनी माझ्या लेकीला फोन करून विचारलं, “आमचं नाव हाय काय त्यात?” शिलाई मशीनवाल्याचं नाव नव्हतं. लेकीनं दोनदा वाचून बघितलं. सगळं गाव मास्क लावून फिरणार, मास्क शिवणारी मशीन बंद पडणार, आणि ती दुरुस्त करणारा कोण हे लिहायचं कुणाला सुचलं नाही, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं. अजून वाटतं. मेस्त्रींनी मात्र चोरून काम केलं नाही. चौकीत जाऊन हत्याराची पिशवी उघडून दाखवली, काय काम, कुठल्या गल्लीत, सगळं सांगितलं. सकाळी जाऊन लगेच परत यायचं, अशी तोंडी परवानगी मिळाल्यावरच ते खासबागहून चालत आले.

ते घरात आले नाहीत. सोप्यात पण नाही, बाहेर कट्ट्यावर बसले. मशीनचं डोकं आम्ही बाहेर आणून ठेवलं आणि लांब झालो. माझ्या हातात सॅनिटायझरची बाटली होती, मी मशीनवर फवारणार तेवढ्यात त्यांनी थांबवलं. “अक्का, जुन्या मशीनवर हे मारू नका. वरचं पॉलिश आणि सोन्याची वेल उठून जाईल. हात साबणानं धुवा, मशीन कोरड्या फडक्यानं पुसा.” शेजारच्या गल्लीत एका मशीनची सोनेरी वेल खरोखर पांढरी पडलेली मी नंतर बघितली.

आधी त्यांनी माझं खोबरेल काढलं. ते आत चिकट होऊन पिवळ्या मेणासारखं बसलं होतं. रॉकेलात बुडवलेल्या दोऱ्यानं एकेक भोक साफ केलं. मग दात्यांवरची पट्टी काढली. दात्यांच्या खाली मास्कच्या कापडाचा कापूस दाबून दाबून इतका घट्ट झाला होता की पिनेनं उचकटला तेव्हा अख्खा तुकडा निघाला, बुटाच्या तळाला लावतात तसल्या नमद्यासारखा, दात्यांच्या खाचा त्यावर उमटलेल्या. तो त्यांनी माझ्यासमोर कट्ट्यावर ठेवला. काही बोलले नाहीत. तेव्हापासून दर शनिवारी मी ती पट्टी काढून ब्रश मारते.

मग शटल. नवं मिळण्याची सोय नव्हती. त्यांचा माल कोल्हापूरच्या होलसेल दुकानातून येतो, तिथं लुधियानाहून. कोल्हापूरचं दुकान बंद, एसटी बंद, महाराष्ट्राच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका बंद. त्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत झालेला दगड काढला, दाढी करणाऱ्यांकडं वस्तऱ्याला असतो तसला, त्यावर तेलाचा थेंब टाकला आणि शटलचं टोक घासायला घेतलं. चार फेरे, मग नखावर बघायचं. चार फेरे, मग नखावर. अर्धा तास असंच. टोक घासलं की ते आखूड होतं, आणि आखूड झालं की सुईजवळ दोऱ्याचा फासा उचलायला उशिरा पोचतं. म्हणून सुईच्या दांड्याचा स्क्रू सैल करून त्यांनी सुई केसभर खाली घेतली. हे मला त्यांनी हातानं चाक फिरवून दाखवलं: सुई तळाला जाऊन जरा वर आली की शटलचं टोक सुईच्या भोकाच्या किंचित वरून गेलं पाहिजे. तिथं चुकलं की टाका सुटणार, मग तुम्ही दहा पार्ट बदला. वडगावच्या मुलीच्या मशीनची बिघाडाची जागाही हीच होती, कारण वेगळं.

मी विचारलं, होईल ना? “आगतैती (म्हणजे होतंय), अक्का. पण किती दिवस टिकेल ते सांगत नाही. नवं आलं की बसवू.” पैसे घेतले 150. आधी वर्षाच्या तेलपाण्याचे घ्यायचे तेवढेच, आणि घासायचे वेगळे काही नाही. त्या दिवसांत एकेका वस्तूचे दर कुठल्या कुठं गेले होते आणि अख्ख्या शहापुरात दुसरा कुणी येणारा नव्हता. तीनशे मागितले असते तरी मी दिले असते, आणि ते त्यांनाही माहीत होतं. मी 200 पुढं केले, पन्नास त्यांनी परत ठेवले. चहा स्वतःच्या पेल्यात घेतला. राहिलेले मास्क त्या दिवशी रात्रीपर्यंत पुरे झाले.

दुसऱ्या वर्षाबद्दल थोडंच लिहिते. 2021 ला 27 एप्रिलच्या रात्रीपासून परत बंद, 10 मेपासून कडक, बाजाराला सकाळी सहा ते दहा. बाकीचे जिल्हे 14 जूनला जरा सुटले, बेळगाव धरून 11 जिल्हे 21 जूनपर्यंत अडकलेच. महाराष्ट्रातून यायचं तर 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट. एका शटलसाठी कोल्हापूरला जाऊन यायचं तर तपासणीलाच दिवस जायचे. मेस्त्रींनी तेव्हा बंद पडलेल्या भंगार मशीनचे पार्ट काढून, साफ करून वापरले, आणि दर वेळी आधी सांगितलं की हा जुना आहे. हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. जुना पार्ट चकचकीत करून नव्याच्या भावात घालणं त्या दिवसांत फार सोपं होतं.

पहिल्या साली कर्नाटक सरकारनं न्हावी, धोबी, रिक्षावाले यांना 5,000 जाहीर केले होते. शिंपी आणि मेकॅनिक यांचं नाव 2021 च्या 19 मेच्या पॅकेजमध्ये आलं, 2,000 रुपये. अर्ज सेवा सिंधू या सरकारी वेबसाइटवर. माझं कन्नड बाजारापुरतं, वाचताना अडखळते. मेस्त्रींच्या घरी कन्नडच बोलतात, पूर्वी त्यांच्या घरात माग होते. आमच्या गल्लीतल्या चार शिवणाऱ्या बायकांचे अर्ज त्यांनी कट्ट्यावर बसून एकेक ओळ मराठीत सांगत भरून घेतले. स्वतःचा सगळ्यात शेवटी.

आता जाणाऱ्यांसाठी. वेळेचं त्यांच्याकडं खरं नाही. उद्या म्हणाले की परवा धरा, आणि लग्नसराईत आठवडा. हातात काम असलं की फोन उचलत नाहीत, त्यामुळं फोनपेक्षा सकाळी दहाच्या सुमाराला स्वतः गेलेलं बरं. बिल देत नाहीत, ज्यांना हिशेबाला कागद लागतो त्यांची अडचण होते. ओव्हरलॉकची, म्हणजे कापडाच्या कडा शिवायची मशीन दुरुस्त करतात, पण कॉम्प्युटरवाल्या भरतकामाच्या मशीनला हात लावत नाहीत, तसं स्पष्ट सांगतात. खोकं लहान आहे, पावसात बाहेर उभं राहायला आडोसा नाही. मोटरच्या कामात ते मला सरस वाटले नाहीत. माझ्या दुसऱ्या मशीनची मोटर त्यांनी करून दिल्यावर दोन महिन्यांत परत तापायला लागली, ती शेवटी रिवायंडिंगवाल्याकडं, म्हणजे मोटरची तार नव्यानं गुंडाळणाऱ्याकडं टाकली. दोराटाका, शटल, दाते, चाकाचा जडपणा यांसाठी मात्र मी दुसऱ्याकडं जाणार नाही. तेलपाणी आता 250 घेतात. पार्टची किंमत वेगळी, आणि काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून तुमच्या हातात देतात.

नवं शटल त्यांनी 2021 च्या दिवाळीच्या आधी आणून दिलं. मी बसवायला सांगितलं तर त्यांनी चाक फिरवून ऐकलं, दोन बोटं शिलाई मारली, कापड उलटं करून बघितलं आणि म्हणाले, “हे चालतंय की, कशाला काढायचं?” नवं अजून तेलाच्या कागदात माझ्या बटणाच्या डब्यात आहे.

नंबर मी इथं देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. खासबागेत कुठल्याही शिंप्याला विचारा, दाखवतील. मशीनचं नुसतं डोकं नेलं तरी चालतं, पण बॉबिन केस, तुमची नेहमीची सुई आणि ज्या कापडावर टाका सुटतो त्याचा एक तुकडा बरोबर न्या. तुकडा नसला तर घरी जाऊन घेऊन या म्हणतात, मग हेलपाटा पडतो.